विहीर शोधली, विहिरीत सापडली

एका गावात एकदा एक विहीर हरवली.

गावाचं नाव सांगण्यात अर्थ नाही; तिथली माणसं वाचतात कमी आणि भांडतात जास्त. माणसं हरवतात, शेळ्या हरवतात, सरपंचांचा चष्मा तर दर ग्रामसभेला हरवतो आणि दर वेळी त्यांच्याच कपाळावर सापडतो. पण विहीर म्हणजे काय विड्याचं पान आहे, इकडे ठेवलं नि तिकडे उडालं? तरी हरवली. साठ वर्षांपूर्वी तिचं पाणी नासलं, गावानं ती भरून टाकली, वर गवत उगवलं, गवतावर गाढवं लोळली, आणि ज्यांनी टोपल्या ओतल्या होत्या ते एकेक करून वरच्या गावाला गेले. विहीर शाळेजवळच्या मोकळ्या जागेत होती एवढंच उरलं. नेमकी कुठे, ते जागेलाही आठवेना.

आणि नेमकी त्याच जागेवर आता पहिलीच्या वर्गाची नवी खोली उभी राहायची होती.

गावात वृषाली नावाची ग्रामसेविका होती. बदली होऊन तीन महिने झाले होते. वय अठ्ठावीस, उंची बेताची, जिद्द मात्र दाराच्या चौकटीला लागणारी. 'जागा निर्धोक आहे' अशा कागदावर तिची सही हवी होती. सही केली आणि खोलीचा कोपरा त्या भरलेल्या विहिरीवर आला, तर दोन पावसाळ्यांत जमीन खचणार, भिंत फाटणार, आणि खाली पाढे म्हणत बसलेली पंचवीस पोरं. सही नाही केली तर मंजुरी परत जाणार, आणि तीच पंचवीस पोरं आणखी एक वर्ष देवळाच्या ओसरीत, घंटेखाली बसून शिकणार. बेरीज करताना कोणी घंटा वाजवली की हातचा विसरायचा.

म्हाताऱ्यांना विचारलं. एक म्हणाला, निंबाखाली. दुसरा म्हणाला, झेंड्याच्या खांबापाशी, मी स्वतः तिथं पोहायला शिकलो. तिसरा म्हणाला, हे दोघेही लहानपणापासून खोटारडे, विहीर कुंपणाला लागून होती. तीन खड्डे घेतले. पहिल्यात मुळं निघाली, दुसऱ्यात खडक निघाला, तिसऱ्यात एक चप्पल निघाली, तीही एकच.

कंत्राटदार निवृत्तीशेठ त्या दिवशी सकाळी नऊलाच येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, हातात दोन मोबाईल, आणि दोन्हींवर एकाच वेळी "हो हो" म्हणण्याची कला.

"म्याडम, एक वाजता काँक्रीटची गाडी येणार. ती काय पाहुणी आहे, बसा म्हटलं तर बसायला? सिमेंट थांबत नाही."

"शेठ, विहीर सापडल्याशिवाय मी सही करणार नाही."

"विहीर! अहो, मी तर हिची नुसती गोष्टच ऐकली. लेखी दाखवा, लगेच जागा सरकवतो. तालुक्याच्या साहेबांनी फोनवर सांगितलंय ना, लेखी असेल तर नकाशा बदलू, तोंडी असेल तर देवाला सांगा."

"एक वाजेपर्यंत लेखी दाखवते," वृषाली म्हणाली, आणि वाचनालयाकडे चालू लागली.

गावाच्या वाचनालयात एक वृद्ध गृहस्थ बसत. तरुणपणी ते तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, म्हणून त्यांना सगळे बापू एक्स्चेंज म्हणत. शिक्षण सातवी, तेही परीक्षकाच्या कृपेनं. पण निवृत्तीनंतर कोणीतरी टाकून दिलेला एक संगणक त्यांनी उचलून आणला, त्यात युनिक्सच्या घराण्यातली एक फुकट मिळणारी प्रणाली बसवली, आणि काळ्या पडद्यावर हुकूम लिहून काम करून घेण्याची विद्या त्यांनी एकट्यानं साध्य केली. त्या पडद्यावर चित्र नाही, बटण नाही, बाण नाही. आपण एक ओळ लिहायची, त्यानं तेवढंच करायचं. बापू म्हणत, "एक्स्चेंजसारखंच आहे. नंबर बरोबर सांगितला तर जोडून देणार, चुकला तर तुझ्या सासऱ्याला लागला तरी त्याला काय!"

वृषाली त्यांची शिष्या. तीन महिने संध्याकाळी पाच ते सहा तिनं ही विद्या घेतली होती. गुरुदक्षिणा म्हणून बापू दररोज तिची एक खोडी काढत. पहिल्या आठवड्यात त्यांनी तिला अर्धा तास चालू नसलेल्या संगणकासमोर बसवून "धीर धर, तो विचार करतोय" असं सांगितलं होतं.

ग्रामपंचायतीच्या जुन्या ठरावांच्या वह्यांना वाळवी लागली होती. वाळवीनं उरलेल्या वाचून संपवायच्या आत, काही वर्षांपूर्वी कॉलेजच्या मुलामुलींनी त्या संगणकात टाइप करून ठेवल्या. सभेगणिक एक फाइल, एक ठराव म्हणजे एक लांबलचक ओळ. अशा अकराशे फाइली होत्या. माणसानं वाचायच्या म्हटल्या तर पहिलीतली पोरं निवृत्त व्हायची. पण त्या काळ्या पडद्याच्या पदरी एक चाकर असतो. त्याला ग्रेप म्हणतात. (सरपंच पहिल्या दिवशी द्राक्षं वाटणार म्हणून रुमाल घेऊन आले होते.) ग्रेपला एक शब्द द्यायचा आणि फाइलींचा ढीग दाखवायचा. ज्या ज्या ओळीत तो शब्द असेल ती ओळ तो काढून समोर ठेवतो. नसेल तर क्षमा मागत नाही, कारण सांगत नाही, गप्प बसतो.

वृषाली खुर्चीत बसली आणि तिनं लिहिलं: grep -r विहीर ठराव. म्हणजे, ठरावांच्या सगळ्या फाइलींत 'विहीर' शोध.

सतरा ओळी आल्या. तिनं सतराही वाचल्या. 'नवीन सार्वजनिक विहीर मंजूर.' 'विहीर खोदकामास मुदतवाढ.' 'विहीर खोदकामास पुन्हा मुदतवाढ.' 'विहीर कोरडी लागल्याने सभेत खेद.' सगळ्या अलीकडच्या, सगळ्या दुसऱ्याच विहिरीच्या.

तिनं लिहिलं, 'जुनी विहीर'. पडदा गप्प. 'शाळेजवळील विहीर'. गप्प. 'बुजवली'. गप्प. 'नासलेले पाणी'. गप्प. दहा वाजले. तिनं पदर खोचला आणि शब्दामागून शब्द घालत राहिली. एखादी असती तर तिनं इथेच कपाळाला हात लावला असता. ही हात कळफलकावरून काढेना.

"काय म्हणतोय चाकर?" बापूंनी वर्तमानपत्राच्या आडून विचारलं.

"नोंदच नाही म्हणतोय."

"तो असं म्हणाला?"

"गप्प बसलाय. म्हणजे तेच ना?"

"अगं, गप्प बसणं म्हणजे नाही म्हणणं असतं, तर माझं लग्न झालंच नसतं." बापूंनी वर्तमानपत्र घडी घालून मांडीखाली ठेवलं. मग उठून कपाट उघडलं, खोक्यातून पासपोर्टच्या आकाराचा एक फोटो काढला आणि तिच्यापुढे धरला. "हा माणूस शोधून आण."

फोटोत एक गृहस्थ होता. भाड्याचा वाटेल असा कोट, डोक्यावर काळी टोपी, ओठावर मिशी, मान बांबूसारखी ताठ, छाती पुढे, आणि डोळे असे की छायाचित्रकारानं आत्ताच काहीतरी वाईट बातमी सांगितली असावी.

"कोण आहे हा?"

"ते सांगितलं तर शोध कसला? बाजारपेठेत आहे. कोणाला विचारायचं नाही, फोटो दाखवायचा नाही. फक्त डोळ्यांनी शोधायचं."

"बापू, एक वाजता गाडी येणार आहे! पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे आणि तुम्हाला खोड्या सुचतायत?"

"म्हणून तर म्हणतो, पळ. तू आल्याशिवाय मी खुर्ची सोडणार नाही." आणि ती रागानं उठली तेवढ्यात म्हातारा तिच्या खुर्चीत बसलादेखील, मांडी घालून.

त्याला ओढून काढणं तिला शक्य होतं. वजन जेमतेम चाळीस किलो. क्षणभर तिच्या मनातही आलं. पण तीन महिन्यांत तिला एक कळलं होतं की या माणसाच्या दहा खोड्यांपैकी नऊ नुसत्या खोड्या असतात आणि दहावी नसते. आजची कितवी, हे कळायला मार्ग नव्हता. ती फोटो मुठीत धरून निघाली.

बाजारपेठ म्हणजे एका रस्त्याच्या दोन कडा. ती इकडून तिकडे गेली, प्रत्येक चेहरा पाहत. किराणावाला जाड होता. न्हाव्याला मिशी नव्हती. चहावाल्याला मान होती की नाही हीच शंका. ताठ मानेचा, पुढे छाती काढलेला, कोटातला माणूस संबंध पेठेत एकही नव्हता. ती परत फिरली. दुसऱ्यांदा पाहिलं. शिंप्याच्या दुकानापाशी यंत्राची घरघर चालू होती. पोपट शिंपी नेहमीसारखा कापडावर ओणवा झाला होता, तोंडात टाचण्या, गळ्यात टेप, आणि समोरच्याला दिसायला फक्त गुळगुळीत टक्कल.

"ताई, तुमचा ब्लाऊज उद्या," टक्कल बोललं.

"काका, तुम्ही गेल्या मंगळवारी पण उद्याच म्हणाला होतात."

"मग? तो काय उद्या नव्हता?"

तिला हसायलाही वेळ नव्हता. ती पुढे गेली, तिसऱ्यांदा पेठ तुडवली, आणि पुन्हा त्याच दुकानाच्या पायरीपाशी येऊन थांबली. पावणेअकरा. फोटोच्या कडा घामानं ओल्या झाल्या होत्या. आता परत जाऊन खुर्चीसकट म्हाताऱ्याला बाहेर ठेवायचं, असा तिनं निश्चयच केला.

त्या वेळी पोपट शिंप्याच्या यंत्रातला दोरा तुटला. "आई गं, कंबर मोडली," म्हणत तो उठला, दोन्ही हात कमरेवर ठेवले, पाठीला ताण दिला, आणि ऊन लागतं म्हणून खुंटीवरची काळी टोपी डोक्यावर घातली.

वृषालीच्या हातातला फोटो तिच्यासमोर उभा राहिला.

"काका! चला माझ्याबरोबर!"

"अहो, ब्लाऊज उद्या म्हटलं ना, तालुक्याला नेता की काय मला?"

तिनं त्याला वाचनालयात आणून उभं केलं. तोंडातल्या टाचण्या त्यानं वाटेत सदऱ्याला टोचून घेतल्या होत्या. बापूंनी घड्याळ पाहिलं.

"कुठे होता हा?"

"तिथंच होता. तीनदा त्याच्या समोरून गेले. बोलले त्याच्याशी!"

"मग दिसला का नाही?"

"वाकलेला होता."

"का वाकला होता?"

"का म्हणजे? काम करत होता म्हणून!"

बापू खुर्चीतून उठले. त्यांच्या चेहऱ्यावरचा खोडकरपणा गेला नाही, पण आवाज खाली आला.

"बघ पोरी. फोटो काढताना माणूस ताठ बसतो, कारण त्या वेळी त्याला काही काम नसतं. कामाला लागला की वाकतो. तू ताठ माणूस शोधलास, म्हणून कामातला माणूस तुला दिसला नाही. आता शब्दाकडे बघ. तू चाकराला कोणता शब्द दिलास? विहीर. शब्दकोशात असते तशी, कोट घालून, मान ताठ. पण माणसं सभेत बसून नुसतं 'विहीर' म्हणून उठून जातात का? तिच्यात कोणी पडतं. तिच्यावर कोणी भांडतं. तिच्यातून, तिच्यासाठी, तिच्याजवळ, काहीतरी चालू असतं. कामाला जुंपलेला शब्द कंबरेत वाकतो. मला त्या विभक्तीच्या तक्त्यापायी मास्तरांनी तीन छड्या मोडेपर्यंत मारलंय, म्हणून माझ्या लक्षात आहे. तू शिकलेली, तुला मार बसला नाही, तू विसरलीस. चाकर बिचारा अक्षर ओळखतो, माणूस ओळखत नाही. ताठ मागितलंस, त्यानं ताठ दिलं."

वृषालीनं टेबलावरचा कागद ओढला आणि पेन्सिलीनं लिहिलं: विहीर. त्याखाली लिहिलं: विहिरीत. त्याखाली विहिरीवर, विहिरीला, विहिरीचे. पेन्सिल पहिल्या शब्दाच्या 'ही'वरून दुसऱ्या शब्दाच्या 'हि'वर आली आणि तिथेच थांबली. दुसरीत असताना बाईंनी फळ्यावर लिहून घोकून घेतलेला नियम: पुढे काही जोडलं की दीर्घाचं ऱ्हस्व होतं. आयुष्यभर हात आपोआप बरोबर लिहीत आला होता. शोधायच्या वेळी मात्र तो दीर्घ वेलांटीला चिकटून बसला.

"उठा बापू," ती म्हणाली.

"उठलोच आहे, डोळे कुठेत?"

तिनं लिहिलं: grep -r विहिर ठराव. पुढचं काही लिहिलंच नाही. शेपूट काय वाटेल ते असो, तेवढा वाकलेला भाग असला की पुरे.

पडदा धो धो वाहू लागला. दोनशे चौदा ओळी. विहिरीत मांजर पडले. विहिरीवर धुणे धुण्यास मनाई. विहिरीवरून दोन भाऊबंदांत मारामारी, सभेने दोघांस समज दिली. विहिरीच्या काठी बसून पत्ते खेळणाऱ्या सदस्यांनी सभेस यावे ही विनंती. सगळं गाव, त्याच्या भांडणांसकट, त्या एका ऱ्हस्व वेलांटीमागे दडून बसलं होतं.

"दोनशे चौदा," पोपट शिंपी म्हणाला. "एकेक वाचणार? गाडी येईल."

"नाही." वृषालीनं ओळीच्या शेवटी उभी रेघ मारली. त्या विद्येत उभ्या रेघेचा अर्थ असा की, पहिल्या चाकरानं आणलेलं दुसऱ्या चाकराच्या हातात द्यावं, त्यानं त्यातून पुन्हा निवडावं. रेघेनंतर तिनं grep लिहिलं, आणि 'शाळा' लिहायला बोट उचललं. उचललेलंच राहिलं. मग तिनं लिहिलं: शाळ. शाळा नाही, शाळेच्या नाही, शाळेस नाही, नुसतं शाळ.

बापूंनी पाहिलं आणि मान डोलावली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी खोडी काढली नाही.

नऊ ओळी आल्या. पहिलीत मुख्याध्यापकांची म्हैस होती. दुसरीत मुलांनी विहिरीत पोहू नये असा ठराव, तिसरीत तोच ठराव पुन्हा, कारण पोरं पोहतच होती. सहावी ओळ तिनं मोठ्यानं वाचली:

"शाळेच्या पश्चिमेकडील भिंतीपासून बावीस हात अंतरावर असलेल्या विहिरीचे पाणी नासल्याने व मुलांस धोका असल्याने सदर विहिरीत मुरूम टाकून जागा समतल करावी, असे सर्वानुमते ठरले."

'बुजवली' हा शब्द त्यात नव्हता. 'नासलेले पाणी' नव्हतं, पाणी 'नासल्याने' होतं. आणि नुसती 'विहीर' तर कुठेच नव्हती.

तिनं ओळ छापून घेतली आणि धावत सुटली. मागून पोपट शिंपी गळ्यातला टेप सावरत, आणि त्याच्या मागून बापू, "अगं, माझे पाय सातवीच शिकलेत!" असं ओरडत.

शाळेची पश्चिमेची जुनी भिंत अजून उभी होती. निवृत्तीशेठांनी कागद हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला.

"बावीस हात. कोणाचा हात?"

"दीड फुटाचा धरा. तेहतीस फूट," वृषाली म्हणाली. "काका, टेप."

पोपट शिंप्यानं गळ्यातला टेप काढला. पेठेत कमरा मोजणारा तो टेप त्या दिवशी पाच फूट, पाच फूट करत जमिनीवरून सरकत गेला. निंब डावीकडे राहिला, खांब मागे राहिला, कुंपण तर कुठल्या कुठे. तेहतिसाव्या फुटावर वृषालीनं टाच रोवली. नव्या खोलीसाठी टाकलेली फक्कीची रेघ तिच्या दोन पायांमधून जात होती. कोपरा, अगदी तोच कोपरा.

तिन्ही म्हातारे एकदम म्हणाले, "मी हेच सांगत होतो."

गड्यांनी कुदळ घातली. कमरेइतकं खोल गेल्यावर तांबडा मुरूम लागला, भुसभुशीत, आजूबाजूच्या काळ्या मातीपेक्षा वेगळा. आणखी हातभर, आणि एक घडीव दगड. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा, किंचित वळणावर. खड्ड्यात उतरलेल्या गड्यानं पाय आपटला तर पायाखालचा मुरूम घोट्यापर्यंत खचला, आणि तो "अरे देवा" म्हणत टुणकन वर आला.

साडेबारा वाजले होते. निवृत्तीशेठांचा एक मोबाईल वाजत होता. त्यांनी तो बंद केला, गुडघ्यांवर हात ठेवले आणि खड्ड्यात वाकून पाहिलं, बराच वेळ.

"म्याडम," ते शेवटी म्हणाले, "खोली पूर्वेला घेऊ. गाडीला मी सांगतो, थांब म्हणून."

"सिमेंट थांबत नाही म्हणालात ना?"

"थांबवतो की. तुम्ही साहेबांना कागद पाठवा."

वृषालीनं जुना कागद फाडला, नव्या जागेचा करायला घेतला. 'जागा निर्धोक आहे' असं लिहिताना तिची लेखणी थबकली. तिनं ते खोडून लिहिलं, 'पूर्वेकडील जागेत विहिरीचा धोका नाही.' मग खाली सही केली.

बापू दगडावर बसून धाप टाकत होते. ती त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

"बापू, सरळ सांगितलं असतंत, ऱ्हस्व कर, तर पाऊण तास वाचला असता."

"सांगितलं असतं, तर विहीर मिळाली असती," बापू म्हणाले. "शाळ कोणी लिहिलं असतं?"

समोर तीन म्हातारे खड्ड्याभोवती ओणवे होऊन, आपण नेमके कुठून उडी मारायचो यावर नव्यानं भांडत होते, आणि ती ते ऐकत राहिली.

आपणही सज्जनहो, माणसं शोधतो ती प्रथमेत, कोट घालून ताठ बसलेली; ती सापडतात मात्र चतुर्थीत आणि सप्तमीत, कोणासाठी तरी, कशात तरी वाकलेली.